दुधाचे दात आणि सार्वजनिक तिजोरी

दातांनी मराठी भाषेला पुष्कळ दिले आहे. रागावलेला मनुष्य दात-ओठ खातो, शरण आलेला दाती तृण धरतो, आणि क्षुल्लक ठिकाणी काटकसर करणाऱ्याला दात कोरून पोट भरत नाही असे ऐकवले जाते. भाषेत दाताला एवढे स्थान असले तरी व्यवहारात दाताच्या दुखण्याला आपण फारसे स्थान देत नाही. ताप आला की डॉक्टरांकडे धाव घेतो. दाढ ठणकू लागली की लवंग धरून रात्र काढतो. त्यातून दात लहान मुलाचा असेल आणि तोही दुधाचा असेल, तर ‘पडणारच आहे तो’ एवढे म्हटले की विषय संपतो. या तीन शब्दांत एक मोठा नैतिक निर्णय दडलेला आहे, आणि तो निर्णय केवळ घराघरांतून नव्हे तर शासनाच्या अर्थसंकल्पांतूनही घेतला जातो, असे आम्हांस वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात एकच प्रश्न विचारार्थ घेतला आहे. ज्या आईबापांना मुलांच्या दातांचा खर्च झेपत नाही, त्यांच्या मुलांचे दात सार्वजनिक पैशातून सांभाळले जावेत काय? जावेत असे ठरले, तर ते कोणत्या नात्याने: दया म्हणून, बचत म्हणून, की देणे म्हणून?

प्रथम थोडी वस्तुस्थिती पाहू. दुधाचे दात वीस. साधारण सहाव्या महिन्यापासून ते येऊ लागतात आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास पूर्ण होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ ‘पडणारच आहे’ असे म्हणून सोडून दिली, तर त्या मुलाला ती आणखी सहा-सात वर्षे बाळगावी लागते. ती दुखते म्हणून अकाली काढून टाकली, तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. आणखी एक गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पाडता गुपचूप उगवते. आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तरी दुसरी येईल या भरवशावर राहतात, आणि दुसरी कधीच येत नाही.

कीड लागते ती कशी, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दातावरील एनॅमलमधील क्षार विरघळू लागतात. आरंभी हा केवळ एक पांढुरका डाग असतो आणि या अवस्थेत दात स्वतःला सावरू शकतो. लाळेतील क्षार परत बसतात, फ्लोराइडने त्या क्रियेस हातभार लागतो. खड्डा पडला की मात्र दात आपणहून भरून येत नाही. पुढे कीड दाताच्या गाभ्यापर्यंत पोहोचते, ठणका लागतो, पू होतो, गाल सुजतो. पहिल्या अवस्थेतील उपाय काही मिनिटांचा आणि अल्प खर्चाचा असतो. शेवटच्या अवस्थेतील उपाय वेदनेचा आणि खर्चाचा. या दोन टोकांमध्ये बहुधा काही महिन्यांचा, कधी एक-दोन वर्षांचा अवधी असतो. आपला सगळा प्रश्न त्या अवधीचा आहे.

हे दुखणे विरळ असते तर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक आणि बारा वर्षांच्या मुलांपैकीही निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाने जगभरात सुमारे ५१ कोटी ४० लक्ष मुलांच्या दुधाच्या दातांना कीड असल्याचा अंदाज दिला आहे. असे असूनही हे दुखणे साथीच्या रोगांप्रमाणे वर्तमानपत्रात येत नाही, विधानसभेत गाजत नाही. ते प्रत्येक घरात वेगवेगळे, रात्रीच्या वेळी, एका मुलाच्या उशाशी घडत असते.

शासन यात काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा उद्देश. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा फिरते पथक यावे अशी त्याची योजना. तपासावयाच्या तीस आजारांच्या यादीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. पुढे २०१४-१५ पासून ‘राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम’ आला आणि सरकारी रुग्णालयांत दंतविभाग उभारण्यास साहाय्य मिळू लागले. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु आयुष्याचा बराच काळ शासकीय फायलींच्या सहवासात गेलेला असल्यामुळे योजनेचे कागद वाचताना आमचे लक्ष सवयीने सांध्यांकडे जाते. शाळेत येणाऱ्या त्या पथकात आयुष पद्धतीचे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी रचना आहे, दंतवैद्य नाही. पथक मुलाच्या तोंडातील खड्डा पाहते, नोंद करते आणि पुढील उपचारासाठी चिठ्ठी देते. त्या चिठ्ठीने खड्डा बुजत नाही. तो बुजवण्यासाठी मुलाला घेऊन कोणीतरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. ‘आयुष्मान भारत’ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कुटुंबामागे वर्षाला पाच लक्ष रुपयांचे संरक्षण देणारी ही योजना. पण ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी. दात भरून घेण्यासाठी कोणी खाटेवर दाखल होत नाही, म्हणून ते तिच्या बाहेर राहते. हृदयाची शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ शकते. दाढेतील बारीक खड्डा मात्र घरच्या पैशाने किंवा तसाच.

असे असण्याची कारणे आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. म्हणून आक्षेपांचा विचार क्रमाने केला पाहिजे.

पहिला आक्षेप जबाबदारीचा. मुलांचे दात घासून घेणे, गोड आवरणे हे आईबापांचे काम. त्यांनी हयगय करायची आणि भार करदात्यांनी का उचलायचा? आपल्यासारख्या घरांतून हा प्रश्न वारंवार ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. आईबापांच्या कर्तव्याला पर्याय नाही. परंतु त्या निकषावर आपणही फारसे उतरत नाही. सकाळच्या पोह्यांबरोबर जिलेबी ही आमच्या इंदूरची जुनी सवय आहे, आणि सणासुदीला साखर आपल्याही घरांतून सढळ हाताने वापरली जाते. आपल्या नातवंडांचे दातही किडतात. फरक एवढाच की ते वेळेवर भरले जातात. श्रीमंताघरी आणि गरिबाघरी हयगय सारखीच होते. तिची शिक्षा मात्र एकाच घरातील मूल भोगते. शिवाय ज्याला दंड होतो त्याचा अपराध काय, हे विचारावेच लागेल. पाच वर्षांच्या मुलाने आपले आईबाप निवडलेले नसतात, घरातील मिळकत ठरवलेली नसते, आणि न घासलेल्या दाताचे पुढे काय होते हे त्याला कळतही नसते. बापाच्या चुकीसाठी मुलाला शाळेतून काढू नये, हे आपण मान्य करतो. मग बापाच्या चुकीसाठी मुलाने ठणका सोसावा, हे कोणत्या न्यायाने?

दातांच्या बाबतीत आईबापांचा दोष किती आणि परिस्थितीचा किती, हे ठरवणेही सोपे नसते. याचे उदाहरण आमच्या माळव्याच्या शेजारीच आहे. झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतील कित्येक गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर असू नये असे भारतीय मानक सांगते. दात आतल्या आत घडत असण्याच्या वयात असे पाणी पोटात गेले तर दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग उमटतात. प्रमाण फार असेल तर हाडेही वाकतात. बेताने, वरून लावलेले जे द्रव्य दाताचे रक्षण करते तेच पाण्यावाटे अति झाले की दात बिघडवते. हँडपंप खोदला शासनाने, पाणी भरले आईने, आणि डाग आले मुलाच्या दातांवर. ते मूल मोठेपणी तोंडावर हात धरून हसते, तेव्हा त्याच्या आईने दात घासून घेतले नाहीत असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

साखरेचेही तसेच आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये अंत्योदय कुटुंबांना दरमहा मिळणाऱ्या एक किलो साखरेवरील अनुदान मार्च २०२६ पर्यंत चालू ठेवण्याचा निर्णय घेतला. गरिबाच्या घरचा चहा गोड व्हावा याविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. पण गोडाला सार्वजनिक पैसा चालतो आणि गोडाने झालेल्या इजेला चालत नाही, यात काही तर्क आहे असे दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि टूथब्रश यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही मात्र योग्य दिशेने पडलेली एक पायरी होय.

दुसरा आक्षेप टंचाईचा, आणि हा अधिक वजनदार आहे. क्षयरोग आहे, कुपोषण आहे, बाळंतपणातील मृत्यू आहेत. दाताने कोणी मरत नाही. मग मर्यादित पैसा आधी कोठे जावा? अर्थसंकल्प तयार करताना हा प्रश्न कोणाही प्रामाणिक अधिकाऱ्याला टाळता येत नाही. त्यावर एक तयार उत्तर दिले जाते ते बचतीचे, आणि त्याच्या पुष्टीसाठी अमेरिकेतील एका घटनेकडे बोट दाखवले जाते. मेरीलँड राज्यात फेब्रुवारी २००७ मध्ये एक बारा वर्षांचा गरीब मुलगा दगावला. त्याच्या किडलेल्या दातातील संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे तो रुग्णालयात होता, खर्च सुमारे अडीच लक्ष डॉलर झाला. दात वेळेवर काढण्याचा खर्च सुमारे ऐंशी डॉलर होता. दाताने कोणी मरत नाही, या समजुतीला ही घटना एवढे उत्तर पुरेसे देते.

हे उदाहरण हृदय हेलावणारे आहे. परंतु केवळ बचतीच्या मुद्द्यावर हा प्रश्न उभा करणे आम्हांस धोक्याचे वाटते. एक तर किडलेल्या दातांनी बहुतेक मुले मरत नाहीत, ती फक्त सोसतात. बचतीचा हिशेब मांडणारा उद्या म्हणेल की, सोसणाऱ्यांवर खर्च केल्याने तिजोरीला काही परत मिळत नाही. दुसरे असे की, खरी बचतही बहुधा दुसऱ्याच्या खात्यावर पडते. आरोग्य विभागाने दात भरला, त्यामुळे मुलाचे शाळेचे दिवस वाचले, आईची मजुरी वाचली, शिक्षकाचे शिकवणे वाया गेले नाही. यांपैकी काहीही आरोग्य विभागाच्या लेखाशीर्षाखाली जमा होत नाही. ज्या बचतीला लेखाशीर्ष नाही ती अर्थसंकल्पात दिसत नाही, हे शासनात काम केलेला प्रत्येक जण जाणतो. म्हणून बचत होत असेल तर ती आनंदाची गोष्ट मानावी. कर्तव्याचा पाया तिच्यावर घालू नये.

पाया दुसरीकडे आहे. ‘दुधाचा दात पडणारच आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत बालपणाविषयीच एक मत व्यक्त करीत असतो. बालपण म्हणजे खऱ्या आयुष्याच्या आधीची नुसती तयारी, आणि तयारीच्या काळातील दुखणे हिशेबात धरण्याचे कारण नाही, असे ते मत होय. परंतु बालपणही जाणारच आहे, तसे तारुण्यही जाणारच आहे, आणि आमच्या वयाच्या माणसांचे जे उरले आहे तेही जाणारच आहे. जाणारे आहे म्हणून कोणी आमच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अनावश्यक ठरवीत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने दुखऱ्या दाढेबरोबर काढलेली दोन वर्षे म्हणजे त्याला आठवणाऱ्या आयुष्याचा मोठा वाटा असतो. त्या वर्षांत ते एका बाजूने चावते, भाकरीचा पापुद्रा सोडून मऊ भाग खाते, रात्री उठते, दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगते आणि लक्ष देत नाही म्हणून बोलणी खाते. पुढे काय होईल ते होवो. ती वेदना तेव्हा पूर्ण असते आणि त्या मुलाचीच असते. सहज दूर करता येणारी वेदना, जी सोसणाऱ्याने ओढवून घेतलेली नाही आणि जी दूर करण्याची शक्ती त्याच्या हाती नाही, ती दूर करण्याचे कर्तव्य ज्याच्या हाती शक्ती आहे त्याच्यावर येते. आईबाप असमर्थ असतील तर ते समाजावर येते, आणि समाजाच्या वतीने ते शासनाने पार पाडावयाचे असते.

आपल्या संविधानाचाही रोख हाच आहे. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्यांपैकी एक मानतो. अनुच्छेद ३९ मध्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने मुलांना निरोगी रीतीने, स्वातंत्र्याच्या व प्रतिष्ठेच्या वातावरणात वाढण्याची संधी देण्याचे तत्त्व आणखी स्पष्ट केले. बालहक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही भारत डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला. ही तत्त्वे न्यायालयातून सक्तीने अमलात आणण्याजोगी असोत वा नसोत, त्यांत कोठेही ‘दात वगळून’ असे लिहिलेले नाही. तोंड शरीरापासून वेगळे काढण्याची रीत शासकीय योजनांनी पाडली आहे.

राहिला टंचाईचा भाग. पैसा कमी असेल तेव्हा कोणाला आधी द्यावे, याचे एक उत्तर ब्रिटनच्या इतिहासात सापडते. तेथे जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि कवळ्या व चष्मे यांसाठी अपेक्षेबाहेर झुंबड उडाली. १९५१ मध्ये सरकारने त्यांवर शुल्क बसवले. त्या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी निषेध म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. शुल्क बसवणारे बरोबर की राजीनामा देणारे बरोबर, या वादात आपण पडू नये. लक्षात घ्यावयाचे ते हे की, हात आखडता घेतानाही त्या देशाने तो प्रौढांच्या बाबतीत घेतला. मुलांच्या दातांचे उपचार तेथे आजही निःशुल्क आहेत. टंचाईत रांग लावावीच लागते. त्या रांगेत, जो स्वतः कमावू शकत नाही आणि ज्याला वाट पाहणे सर्वांत महाग पडते, तो पुढे असावा, हा नियम आमच्या मते निर्दोष आहे. शिवाय आरंभीच्या अवस्थेतील दाताला लागणारा पैसा इतका थोडा आहे की, तो दिल्याने क्षयरोग्याची औषधे बंद पडतील असे मानण्याचे कारण नाही. येथे काटकसर करणे म्हणजे दात कोरून पोट भरू पाहणेच होय.

मात्र पैसा मंजूर केला की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी मेरीलँडची घटना पुन्हा पाहावी. त्या देशात मेडिकेडखाली गरीब मुलांच्या दातांची तरतूद १९६७ पासून कायद्यात होती. प्रश्न असा होता की, त्या योजनेचे रुग्ण घेणारे दंतवैद्य थोडे होते, कारण मोबदला अल्प आणि कागदपत्रे फार. त्या मुलाची आई त्याच सुमारास त्याच्या भावाच्या किडलेल्या दातांसाठी दंतवैद्य मिळवण्याच्या खटपटीत होती. मध्यंतरी कुटुंबाचे योजनेतील संरक्षणही खंडित झाले होते. हक्क कागदावर होता, दार उघडे नव्हते. आपल्याकडील पथकाची चिठ्ठी हे त्याचेच भारतीय रूप आहे. जिल्हा रुग्णालयात उपचार विनामूल्य असेल. पण मोलमजुरी करणाऱ्या आईला मुलासह तेथे जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि बसभाडे. पहिल्या खेपेला यंत्र बंद, दुसऱ्या खेपेला डॉक्टर रजेवर, असे झाले तर ते ‘विनामूल्य’ तिला खासगी दवाखान्याइतकेच महाग पडते. तिसऱ्या खेपेस ती गेली नाही, तर निष्काळजी म्हणून तिचीच नोंद होते.

तेव्हा उपचार मुलाकडे गेला पाहिजे, आणि मूल असते शाळेत. न्यूझीलंडने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले. पहिल्या महायुद्धात भरतीसाठी आलेल्या तरुणांचे दात पाहून तेथील शासन हादरले आणि १९२१ मध्ये वेलिंग्टन येथे शालेय दंतपरिचारिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. दंतवैद्यांची पूर्ण पदवी नसलेल्या, पण मुलांचे दात तपासणे, भरणे आणि आवश्यक तर काढणे यात तयार झालेल्या या परिचारिका शाळांतील लहान दवाखान्यांतून काम करू लागल्या. मुलांनी त्या दवाखान्यांना ‘खाटीकखाना’ अशा अर्थाचे नाव ठेवले होते, ही गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेव्हाची उपकरणे तशीच होती. आज ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे. हातातील साध्या उपकरणांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंटने खड्डा बुजवण्याची, विजेविना करता येणारी पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांचा समावेश केला. यांपैकी शेवटचे द्रव्य किडीवर लावले असता कीड पुष्कळदा तेथेच थांबते. ना सुई, ना यंत्र. आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्याखेरीज ‘डेंटल हायजिनिस्ट’ हा प्रशिक्षित वर्ग मान्य केलेला होता. म्हणजे साधने आहेत, माणसे तयार करण्याची वाटही आहे. उणीव आहे ती निश्चयाची.

येथे एका नाजूक मुद्द्याचा उल्लेख केला पाहिजे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. ‘गरिबाच्या मुलाला काळा दात चालेल’ असे कोणी मनाशी धरले, तर उत्तम औषधही अपमानाचे साधन होईल. उपचार निवडताना एकच कसोटी असावी: हा उपचार आपल्या नातवासाठी, हीच परिस्थिती असता, आपण स्वीकारला असता काय? मागच्या दाढेसाठी, आईबापांना समजावून सांगून, त्यांच्या संमतीने तो होत असेल तर उत्तर होकारार्थी आहे. समोरच्या दातासाठी, न विचारता, रांगेतील सर्वांना सरसकट होत असेल तर नाही. हीच कसोटी दात काढण्याच्या शिबिरांनाही लावावी. आपल्या मुलाची दाढ किडली की आपण विचारतो, ‘वाचेल का?’ शिबिरात आलेल्या मुलाची दाढ किडली की ती काढली जाते, कारण काढणे एका बैठकीत होते आणि संख्या अहवालात दिसते. एकाच रोगाला एका मुलासाठी वाचवणे आणि दुसऱ्यासाठी उपटणे, हा भेद आपण इतका पचवला आहे की तो भेद आहे हेही जाणवत नाही.

शासनाने सर्वच खर्च करावा, असे आमचे म्हणणे नाही. केवळ शोभेसाठी दात सरळ करणे, पांढरे करणे हे सार्वजनिक तिजोरीचे काम नव्हे. तपासणी, फ्लोराइडचा लेप, दाढेच्या चिरा बुजवणे, खड्डा भरणे, पू झाला असता तातडीचा उपचार, आणि अखेरचा उपाय म्हणून दात काढणे: एवढे प्रत्येक मुलाला, शाळेच्या आवारात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर मिळावे. ज्याचे दात इतके वेडेवाकडे आहेत की त्याला चावता येत नाही, किंवा गावच्या पाण्याने ज्याच्या दातांवर डाग पडले आहेत, त्याला शोभेच्या सदरात ढकलू नये. सीमारेषेवर वाद होतील. वाद होतात म्हणून सीमेच्या आतील गोष्टीही नाकारणे हे मात्र चुकीचे.

शेवटी आपल्या समाजाविषयी. होळकर, शिंदे, पवार यांच्या आश्रयाने आपले पूर्वज या माळव्यात आले. कोणी फडावर, कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात काम करून स्थिरावले. आपल्या घरांतून वाचनालये, शाळा, वसतिगृहे यांना वर्गणी देण्याची चाल अजून टिकून आहे, आणि आरोग्यशिबिरेही आपल्या संस्था हौसेने भरवतात. दानाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु दानात दिवस देणारा ठरवतो, जागा देणारा ठरवतो, किती द्यायचे तेही देणारा ठरवतो. दाढ मात्र देणाऱ्याच्या सवडीने दुखत नाही. म्हणून दान हे शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. फार तर ते कर्तव्य कोठे राहून गेले आहे हे दाखवू शकते. आपल्यापैकी अनेक जण आज निवृत्त आहेत, अर्ज कसा लिहावा आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्र कोणाला पाठवावे हे जाणतात. घराजवळच्या सरकारी शाळेत या वर्षी तपासणीचे पथक आले काय, किती मुलांना चिठ्ठ्या मिळाल्या आणि त्यांपैकी किती मुलांचे दात प्रत्यक्ष भरले गेले, एवढे तीन प्रश्न विचारणे आपल्याला अवघड नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने दिलेला आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतील. तिसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी चिकाटी लागेल, आणि ती चिकाटी हे या विषयातील आपले खरे योगदान ठरेल.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असे आपण म्हणतो ते घरातील माणसाविरुद्ध तक्रार करता येत नाही तेव्हा. आमच्या घरी काम करणाऱ्या बाईचे मूल, कोपऱ्यावरच्या फळवाल्याचे मूल, झाबुआहून मजुरीला आलेल्या भिल्ल कुटुंबाचे मूल, ही सारी त्या ‘आपल्या’ शब्दात बसतात की नाहीत, एवढेच ठरवावयाचे आहे. बसत असतील, तर त्यांचा दुधाचा दात पडेपर्यंत न दुखता टिकावा, हे पाहणे आपल्याकडे लागते.